पाचपर्यंत मोजायचं

बारकीने बापाचा पुढचा दात पाडला तो पाण्याच्या स्टीलच्या बाटलीने, आणि बाटली गच्च भरलेली होती. निमित्त काय, तर बूट घाल. एवढेच दोन शब्द तो म्हणाला होता, तेही तिसऱ्यांदा. बाटली तोंडावर बसली, तो मागे दाराच्या चौकटीवर आपटला, आणि तोंडात रक्ताबरोबर खडा फिरायला लागला तेव्हा त्याला कळलं की हा आपलाच दात. त्याने तो तळहातावर थुंकला. बारकीनेही वाकून नीट बघितला. मग म्हणाली, "नाही घालणार."

बारकी सात वर्षांची. जन्मली तेव्हा दोन किलोंचीही नव्हती म्हणून बारकी. पुढे अंगाने भरली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बाप काचवाला. लोकांच्या दुकानांना, ऑफिसांना, दवाखान्यांना काचा बसवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि त्याच्या स्वतःच्या घरात मात्र काच औषधालाही उरली नव्हती. खिडक्यांना त्याने प्लास्टिकचे पत्रे ठोकले होते. दाढी तो स्टीलच्या ताटलीत बघून करायचा. भिंतीवरच्या घड्याळाला नुसते काटे. न्हाणीघराच्या दाराला बारकीच्या लाथेने भोक पडलं होतं, तिथे आईने आतून टॉवेल टांगला होता.

आई तक्रारी ऐकून घेणाऱ्या फोनच्या ऑफिसात होती. दिवसभर परकी माणसं तिच्या कानात शिव्यांची लाखोली वाहायची आणि ती मधाळ आवाजात गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करायची. घरी आली की तेच काम, फक्त आता वर लाथाही. तिच्या दंडावर दातांचे ठसे होते, जुने पिवळे आणि नवे निळे. कितीही उकडलं तरी ती लांब बाह्यांचे कपडे घालायची. नातेवाईक लांबून अक्कल शिकवायचे, दोन ठेवून द्या, सुतासारखी सरळ होईल. त्यांच्यातला एकही बारकीला एका दुपारपुरता सांभाळायला तयार नव्हता.

दात पडला त्याच आठवड्यात बारकीने शाळेत शेजारच्या मुलाच्या मांडीत कर्कटक खुपसलं. नुसतं टोचलं नाही. खुपसलं, आणि फिरवलं. मुख्याध्यापिकेने दोघांना समोर बसवून सांगितलं की एक तर उपचार सुरू करा, नाही तर दुसरी शाळा बघा. आई लगेच हो म्हणाली. काचवाला पायांकडे बघत राहिला. त्याला उपचार नको होते, आणि का नको होते ते तो कुणालाच सांगू शकत नव्हता.

कारण हे. आठ महिन्यांपूर्वी, अशाच एका सकाळी, आई कामावर गेलेली. बारकी बूट घालेना. काचवाल्याला एका दुकानाची दर्शनी काच बसवायला जायचं होतं, माणसं खोळंबली होती, फोन वाजत होता. बारकीने गरम चहाचा कप उचलून त्याच्या अंगावर फेकला. चहा मानेवर गेला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तिचा डावा हात मनगटाजवळ पकडला आणि पिरगळला. ओढायला नव्हे. दुखावं म्हणून पिरगळला. काचेवर रेघ मारून ती टेबलाच्या कडेवर दाबली की जसा एक छोटासा स्वच्छ आवाज येतो, तसा आवाज आला. वीस वर्षं तो आवाज त्याला आवडत आला होता.

दवाखान्यात जाताना रिक्षात तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "जिन्यावरून पडले म्हणून सांगायचं. कळलं? नाही तर मला घेऊन जातील." बारकीचा चेहरा पांढराफटक होता. ती म्हणाली, "हो." डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "जिन्यावरून पडले." आई धावत आली, तिलाही तेच. जी मुलगी 'श्वास घे' म्हटलं तर श्वास रोखून निळी पडायची, तिने आयुष्यात बापाचं एवढं एकच ऐकलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, आणि त्यानंतर तिचं जे सुरू झालं त्यापुढे आधीचा सगळा दंगा लाडीगोडी वाटावा.

उपचाराची खोली पहिल्या मजल्यावर होती. जमिनीवर मऊ गालिचा, एका कोपऱ्यात ठोकळ्यांचा डबा, एक लाकडी खुर्ची, आणि एका भिंतीत सहा बाय चार फुटांचा आरसा. काचवाल्याने आत शिरल्या शिरल्या आरशाला बोट टेकवलं. बोट आणि आरशातलं बोट यांच्यात फट दिसेना. म्हणजे पलीकडून आरपार दिसणारी काच. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली. खालच्या उजव्या कोपऱ्यातली पट्टी निसटून काचेची कड उघडी पडलेली. त्याला ते बघवेना.

"ही पट्टी मी बसवून देतो, मॅडम," तो म्हणाला. "कड अशी उघडी ठेवू नये."

"ऑफिस करेल ते," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

उपचार करणाऱ्या बाई पन्नाशीच्या, केस आखूड, आवाजात घाई नाही. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर पन्नासेक प्रश्न होते, आणि बरेचसे मुलीबद्दल नव्हतेच. मूल झाल्यापासून आपण अडकून पडलो असं वाटतं का. मूल आपल्याला मुद्दाम छळतं असं वाटतं का. आईने खाली मान घालून भराभर खुणा केल्या आणि मधेच नाक पुसलं. बाई म्हणाल्या, "इथे जे बोलाल ते माझ्यापाशी राहील. एकच गोष्ट सोडून. मुलाला घरातल्या कुणी इजा केली असं कळलं, तर मला बालकल्याण समितीला कळवावंच लागतं. मग ते लोक ठरवतात मूल कुठे राहील ते. तिथे माझं काही चालत नाही." मग फाइल चाळत त्यांनी विचारलं, "हात मोडला होता?"

"जिन्यावरून पडली होती," आई म्हणाली. तिला तेवढंच माहीत होतं.

टेबलाखाली बसलेल्या बारकीचा, कुणी विचारलेलं नसताना, आवाज आला, "जिन्यावरून पडले."

काचवाल्याच्या दाताची खाच अजून ओली होती आणि रक्ताची चव तोंडातून जात नव्हती. त्याने सही केली.

उपचार मुलीचा नव्हताच, आईबापांचा होता. हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. बाई आरशामागे बसायच्या आणि त्याच्या कानात एक छोटं यंत्र, त्यातून त्यांचा आवाज यायचा. समोर बारकी. त्याने तिला काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही, नुसतं ती काय करते ते बोलून दाखवायचं. "तू निळा ठोकळा ठेवलास. आता त्यावर लाल ठेवतेयस." रेडिओवर सामना सांगावा तसं. वर शाबासकी, पण नुसती शाबास नाही. कशाबद्दल ते नाव घेऊन सांगायचं, मोठ्याने, लगेच. "शाबास बारके, ठोकळा हळू ठेवलास." पहिल्या दिवशी हे म्हणताना त्याची जीभ अडखळली. बारकीने हळू ठेवलेला ठोकळा उचलून त्याच्या कपाळावर मारला. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. कानात बाई म्हणाल्या, "छान चाललंय बाबा, तोंड फिरवा, काही बोलू नका." काय छान चाललंय ते त्या आणि देवच जाणे.

घरी रोज पाच मिनिटं तिचा खेळ, ती म्हणेल तो. बारकी म्हणाली, "कारखान्यात."

तो घाबरत घाबरत तिला आपल्या काचा कापायच्या कारखान्यात घेऊन गेला. तिने टाकाऊ काचांचा ढीग बघितला आणि म्हणाली, "फोडायच्या." तिच्या डोळ्यांना जाड चष्मा, हातात कातड्याचे मोठे मोजे. त्याने टफन काचेचा एक नाकारलेला तुकडा टेबलावर उभा केला आणि हातात हातोडी दिली. तिने सगळा जीव काढून मधोमध मारली. हातोडी उसळून परत आली. तिने पुन्हा मारली, पुन्हा, दात ओठ खात. काच हसल्यासारखी तशीच उभी.

"मध्ये मारून नाही जायची," तो म्हणाला. हे सांगणं झालं की बोलून दाखवणं, त्याला कळेना, पण म्हणाला. "हिचा सगळा जोर पोटात कोंडलेला असतो. कडेला टोचायचं. कोपऱ्यात." त्याने खिशातून टोच्या काढला, बोटाएवढा पोलादी तुकडा, एका बाजूला अणकुचीदार. बारकीने कोपऱ्यात एकदाच टोचला. काच क्षणभर पांढरी झाली आणि अख्खीच्या अख्खी भुग्यासारखी खाली बसली. बारकी खदखदून हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तो पण हसला, तोंडातल्या खाचेतून वारा काढत.

पुढचे तीन आठवडे त्यांनी दहा-बारा काचा फोडल्या. एवढ्या दिवसांत तिने फक्त दोनदा चावे घेतले. एकदा तर काच टेबलावरून सुटली तेव्हा तो ओरडला नाही, मागे झाला, आणि त्याने तिलाही सांगितलं, "सुटलेली काच कधी धरायची नाही, बारके. हात सोडायचा आणि मागे व्हायचं. जिने धरली तिची बोटं गेली." तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. तिच्या डाव्या हाताची बोटं मुठीत गेली होती. त्याने दुसरीकडे बघितलं.

आणि मग तो रविवार. बारकीने दुपारी आईच्या ऑफिसच्या हेडफोनची वायर कात्रीने तुकडे तुकडे करून ठेवली. आईने कात्री मागितली. बारकीने ती दिली, टोक पुढे करून, आईच्या तळहातात. काचवाला बाजारातून आला तेव्हा बारकी सोफ्यावर उभी राहून उशा फाडत होती आणि न्हाणीघरातून धप, धप, धप असा आवाज येत होता. टॉवेल बाजूला सारून त्याने भोकातून बघितलं. बायको फरशीवर बसून आपलं डोकं भिंतीवर आपटत होती. हाताला गुंडाळलेला कपडा लाल झाला होता.

त्याने दार तोडून तिला बाहेर काढलं. ती त्याच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, "मी तिला मारलं असतं हो. कात्री माझ्या हातात होती. ठारच केली असती. म्हणून आत आले." मग तिने वर बघितलं. कपाळावर मोठं टेंगूळ आलं होतं. "तुम्ही कसे इतके शांत राहता? दात पाडला, भुवई फोडली, तरी तुम्ही एकदासुद्धा तिच्यावर हात उचलला नाहीत. मी आई असून मला नाही जमत. लाज वाटते मला माझी."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. बोलला नाही. तिच्या हाताला मलमपट्टी करत बसला, आणि स्वतःचीच इतकी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती. पण बाईंचं ते वाक्य होतं ना. मग ते लोक ठरवतात मूल कुठे राहील ते. बारकी गेली तर? असली, चावरी, दात पाडणारी, तरी त्याचीच ना.

दुसरा टप्पा सुरू झाला. आता हुकूम द्यायचा. एकदाच द्यायचा, साधा, सरळ, एका वाक्यात. 'असं करू नकोस' नाही, 'असं कर'. मग मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायचं. ऐकलं तर लगेच शाबासकी, नाव घेऊन. नाही ऐकलं तर लाकडी खुर्चीवर बसवायचं. जात नसेल तर हात धरून, न ओढता, न बोलता न्यायचं.

"हात धरून?" काचवाल्याने विचारलं.

"हळू. मनगटाला धरून," बाई म्हणाल्या. "का? काही अडचण?"

"नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी तो कामावरून थेट आला होता. कामाची पँट, टोच्या खिशात. बायको बाईंबरोबर आरशामागे गेली. बारकीने दाराशी बूट काढले, मोजे काढले, गालिच्यावर बसली आणि ठोकळे पसरले. दहा मिनिटं बरी गेली. मग कानात आवाज आला, "आता, बाबा."

"बारके, लाल ठोकळा डब्यात ठेव."

"नाही."

एक. दोन. तीन. चार. पाच. बारकीने लाल ठोकळा उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला. खाचेवरच बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"खुर्ची," कानात बाई म्हणाल्या. "हात धरा."

तो वाकला आणि त्याचा हात सवयीने तिच्या डाव्या मनगटाकडे गेला.

बारकीने ते बघितलं आणि तिच्यात काहीतरी फाटलं. किंकाळी अशी आली की आरशामागे बायको उभी राहिली. बारकीने डोकं मागे घेऊन त्याच्या हनुवटीवर मारलं. जीभ चावली गेली, तोंड रक्ताने भरलं. तिने त्याच्या हाताच्या पाठीत दात रोवले आणि ते आत गेले, आणखी आत, आणि ती चावत चावतच ओरडत होती, तोंड त्याच्या रक्ताने लाल. "मोडेल! मोडेल! मोडेल!"

"सोडू नका," कानात बाईंचा आवाज शांत होता. "आत्ता सोडलंत तर ओरडून सुटता येतं हे ती शिकेल. काय मोडेल म्हणतेय?"

आणि काचवाला म्हणाला, "काही नाही. खेळणं." तिचं मनगट त्याच्या मुठीत होतं. जुळलेल्या हाडाचा उंचवटा त्याच्या अंगठ्याखाली लागत होता.

मग त्याने सोडलं.

बारकी धडपडली, त्याच्या पँटच्या खिशाला धरून सावरली, आणि उठली तेव्हा टोच्या तिच्या उजव्या हातात होता. तो तिच्या मागे झेपावला. तिने वळून त्याच्या पोटरीत टोच्या मारला, पँट फाटली, तो गुडघ्यावर आला. ती पळत आरशाकडे गेली. मधोमध मारायला ती काही कुणा लुंग्यासुंग्याची मुलगी नव्हती. ती खाली बसली, उजव्या कोपऱ्यात, जिथली पट्टी ऑफिस करणार होतं आणि केली नव्हती. तिने एकदाच टोचलं.

सहा बाय चारचा आरसा पांढरा झाला.

वीस वर्षं तो सुटलेल्या काचेपासून मागे झाला होता. अंगवळणी पडलेलं. या वेळी तो पुढे गेला. गुडघ्यावर रांगत, फाटक्या पोटरीने, तो बारकीवर पडला आणि काच त्याच्या पाठीवर आली. आधी मोठे, एकमेकांना चिकटलेले गठ्ठे, मग खडे, मग भुगा. मानेत, कानात, शर्टात. कानातलं यंत्र निघून पडलं. आवाज थांबला तेव्हा भिंतीत मोठं भोक होतं आणि त्यात दोन बायका उभ्या होत्या, एकीच्या डोक्याला अजून माइक.

तो हळूच तिच्यावरून उठला. तिला खरचटलंही नव्हतं. चारी बाजूंना काच, आणि मध्ये ती, अनवाणी. एक पाऊल टाकलं असतं तर तळवे फाटले असते. हलू नको म्हटलं असतं तर हललीच असती. तिने डावा हात पोटाशी आवळून धरला होता.

"आता परत मोडशील?" तिने विचारलं.

आरशाच्या जागेतून बायको म्हणाली, "काय मोडेल? अहो, काय म्हणतेय ती?"

काचवाल्याने तोंडातलं रक्त थुंकलं. "मी मोडला तिचा हात," तो म्हणाला. "जिन्यावरून नाही पडली. मी पिरगळला. रागाने. आणि तिला खोटं बोलायला लावलं."

बायकोला समजायला थोडा वेळ लागला. मग ती चौकटीवरून पाय टाकून आत आली, चपलांखाली काच चिरडत, आणि तिने त्याच्या तोंडात मारली. परत मारली. कात्रीची जखम उलली आणि त्याच्या गालावर तिचंही रक्त लागलं. "आणि मी तुला शांत समजत होते!" ती ओरडत होती. "इतके महिने! मी भिंतीवर डोकं आपटत होते आणि तू माझ्या हाताला पट्टी बांधत होतास!" इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा एकेरी हाक मारली. त्याने हात वर केला नाही. मारू दिलं. बाईंनी मागून येऊन तिला कवेत घेतलं तेव्हा ती थांबली, आणि थांबली ती बारकीकडे बघून. बारकीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

बाई काच बाजूला सारत बारकीसमोर खाली बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनीच तर सांगितलं होतं, सोडू नका. "बारके," त्या म्हणाल्या, "तुझा हात कसा मोडला होता गं?"

बारकीने बापाकडे बघितलं. त्याची फुटलेली हनुवटी, लाल झालेले दात. मग आईकडे, मग बाईंकडे.

"जिन्यावरून पडले," ती म्हणाली. "बाबांनी नाही. मी पडले."

तेव्हा काचवाला रडला. मार खाताना रडला नव्हता. या पोरीने त्याचं एकच ऐकलं होतं आणि ते ती अजून ऐकत होती, आणि कुणी सोडवलं नसतं तर म्हातारी होईपर्यंत ऐकत राहिली असती. त्याने बाहीने तोंड पुसलं. बाईंनी त्याच्याकडे बघून होकाराची मान हलवली. कानात आता कुणी सांगायला नव्हतं.

हुकूम एकदाच द्यायचा. साधा. सरळ. आवाज न चढवता.

"बारके, हात कसा मोडला ते बाईंना खरं सांग."

एक. बारकीचा खालचा ओठ बाहेर आला. दोन. बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं, काय फुटलं म्हणून विचारत होतं. तीन. ती नाही म्हणणार. ती कायमच नाही म्हणते. बायकोने तोंडावर हात दाबून धरला होता. आणि त्याला कळलं की ती नाही म्हणाली तर आपलं बोलणं अजून मागे घेता येईल, आपण घरी जाऊ, सगळे, आजच, आणि ती हो म्हणाली तर नाही. चार.

"बाबांनी पिरगळला," बारकी म्हणाली. "मी बूट घातले नव्हते म्हणून. रिक्षात म्हणाले, जिन्यावरून पडले असं सांग. मला खूप दुखत होतं." आणि मग हळू आवाजात, "मी बूट घालणारच होते."

बाईंचा हात खिशातल्या फोनकडे गेला. ते त्यांना करावंच लागणार होतं; त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दारावरची थाप थांबली होती.

ऐकलं तर लगेच शाबासकी द्यायची. उशीर झाला तर उपयोग नाही. नुसती शाबास म्हणायची नाही, कशाबद्दल ते सांगायचं, नाव घेऊन, मोठ्याने.

"शाबास, बारके," काचवाला म्हणाला. जीभ सुजली होती, शब्द नीट येत नव्हते, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "शाबास. बाबांनी हात मोडला हे तू खरं सांगितलंस."

बारकीने मूठ उघडून टोच्या खाली ठेवला, हळू, आणि बाईंना म्हणाली, "माझे बूट द्या."